अनुभव धागा: बावटा लागला आणि नौका देवगडला थांबली

२०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ आले आणि बंदरावर बावटा, म्हणजे वादळाच्या इशाऱ्याची खूण, चढला. २००७ च्या गोनूनंतर या समुद्रातले ते पहिलेच महाचक्रीवादळ होते. किल्ल्याच्या डोंगराचा आडोसा असल्यामुळे देवगड बंदरात तेव्हा आपल्या आणि गुजरातच्या नौका आश्रयाला आल्या होत्या. नुकसानीच्या बातम्या तेव्हा पुष्कळ आल्या. परंतु त्या दिवसांत नौकेवर चूल कशी पेटत होती, पाणी कुठून येत होते आणि माणसे दिवस कसा काढत होती, हे कुठेही लिहिले गेले नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत, त्यांनी येथे सविस्तर लिहावे.

रत्नागिरीचा तांडेल (नौकेचा प्रमुख)

आम्ही आठ जण होतो. बंदरात नौका इतक्या दाटीने लागल्या होत्या की जेटीवर उतरण्यासाठी चार-पाच नौकांच्या फळ्या ओलांडाव्या लागत, आणि प्रत्येक नौकेवर कोणीतरी चहाचा आग्रह करीत असे. बंदरात आल्यावर खलाशी नुसता झोपून राहतो असा लोकांचा समज आहे, तो खरा नाही. अमावास्येचे उधाण होते. भरतीला नौका वर चढली की जेटीचा दोर आवळावा लागे आणि ओहोटी लागली की तो पुन्हा सैल करावा लागे, त्यामुळे रात्रीही दोघे जण आळीपाळीने जागे राहत. दोर जिथे काठाला घासतो तिथे आम्ही जुन्या लुंगीचे फडके गुंडाळले होते. ते सकाळपर्यंत झिजून त्याचे नुसते धागे उरत, मग दुसरे गुंडाळायचे. दोन नौकांच्या मध्ये टायर टांगलेले असले तरी लाट आली की सगळी रांग करकरत असे.

मासळी ठेवण्याच्या खणातला बर्फ विरघळत चालला होता. मासळी मिळेल त्या भावाने द्यावी लागली, आणि खलाशाचा वाटा विक्रीवरच असल्यामुळे ऐन सणात ते सर्वांच्या जिवाला लागले. त्या वेळी बाजारातल्या एका दुकानदाराने, आमची ओळखदेख नसताना, तांदूळ आणि तेल उधार दिले. पुढच्या फेरीला त्याचे पैसे देण्यासाठी मी मुद्दाम देवगडला नौका लावली.

जेटीजवळ राहणारी देवगडची मुलगी

आमच्या पडवीत तेव्हा एक लांब विजेचा बोर्ड लावलेला होता आणि त्यावर दिवसभर खलाशांचे मोबाइल चार्ज होत असत. कोणाचा कोणता हे कळावे म्हणून मी प्रत्येक मोबाइलच्या पाठीवर चिकटपट्टी लावून नौकेचे नाव लिहीत असे. विहिरीवर सकाळपासून कॅन घेऊन रांग लागे. आई खलाशांना आधी भरू देई, कारण त्यांना ते पाणी होडीतून पुन्हा नौकेपर्यंत न्यायचे असे.

लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला झाले. दुसऱ्या दिवशी आमचा पाडवा आणि गुजरातेतल्या वेरावळच्या खलाशांचे नवे वर्ष एकत्रच आले. सकाळी सात-आठ जण स्वच्छ शर्ट घालून अंगणात उभे राहिले आणि "साल मुबारक, बेन" म्हणून आईच्या पाया पडले. आईने फराळाचा डबा दिला. तो संध्याकाळी घासूनपुसून परत आला, आत साखर घालून पाठवली होती. रिकामा डबा परत करायचा नाही ही रीत त्यांच्याकडेही आहे, हे आईने कितीतरी जणांना सांगितले.

दवाखाना चालवणारे एक निवृत्त डॉक्टर

खलाशांच्या हातांविषयी लिहितो. मिठाचे पाणी आणि नायलॉनचा दोर यांमुळे तळव्यांना खोल भेगा पडतात, आणि समुद्रावर त्या सुकायला वेळच मिळत नाही. थांबलेल्या नौकांवर मी तीन संध्याकाळी गेलो. मलम लावून हात कोरडे ठेवा असे सांगताना मला संकोच वाटत होता, परंतु त्या चार-पाच दिवसांत कित्येकांच्या भेगा खरोखरच भरून आल्या.

नेपाळचा खलाशी, नौकेवरचा भंडारी (स्वयंपाकी)

मराठी मी नौकेवरच शिकलो, चूक असल्यास समजून घ्यावे. समुद्रावर आमचे जेवण म्हणजे भात आणि मासळीचे कालवण. देवगडला एका आजींनी परसातला लाल माठ दिला आणि लसूण घालून तो कसा परतायचा हे जेटीवर उभे राहून सांगितले. मी केला तेव्हा तांडेलांनी भात दोनदा मागून घेतला. २९ तारखेला भाऊबीज होती, आमच्याकडे त्या दिवशी भाईटीका असते. नौकेवर नेटवर्क येत नव्हते म्हणून त्या आजींच्या ओट्यावर बसून मी बहिणीशी बोललो. आजींनी मोबाइलकडे पाहून तिची विचारपूस केली. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, तरी बराच वेळ बोलल्या.

क्यार ओसरते तोच 'महा' नावाच्या दुसऱ्या चक्रीवादळाची सूचना आली आणि बावटा पुन्हा चढला, म्हणून आम्हांला आणखी काही दिवस थांबावे लागले. शेवटी बर्फ भरून पहाटे दोर सोडले तेव्हा केबिनच्या खिळ्याला माठाची एक जुडी टांगलेली होती.