रत्नागिरीत आईसोबत स्कूटीवरून एक निवांत संध्याकाळ, रूट सुचवा प्लीज

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये मामेबहिणीच्या लग्नाला रत्नागिरीला जातोय, मी आणि आई. लग्न रविवारी आहे, शनिवारी दुपारी चारनंतर आम्ही दोघी मोकळ्या. मामेभावाची अ‍ॅक्टिव्हा मिळणार आहे, उतरणार मारुती मंदिरजवळ. आईचं कॉलेज गोगटेला झालं, लग्नानंतर ती पुण्याची झाली आणि आता रत्नागिरीला आलो की कार्यालय ते स्टेशन एवढंच होतं, त्यामुळे या वेळी तिला मागे बसवून हळूहळू तिचं गाव फिरवायचंच असं ठरवलंय. पॉइंट कव्हर करायचे नाहीयेत, तिला कुठे थांबावंसं वाटलं तर अर्धा तास थांबता आलं पाहिजे.

डोक्यात आहे ते असं: थिबा पॅलेस, थिबा पॉइंट, रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन, मांडवी आणि भाट्ये. भाऊ म्हणतो आरे-वारेला जाच, रस्ता भारी आहे. पण सूर्य सहा-सव्वासहालाच बुडणार आणि येताना त्या वळणांवर अंधारात आईला मागे घेऊन चालवायला मला नको वाटतंय. सूर्यास्ताला नेमकं कुठे असावं, भाट्ये, थिबा पॉइंट की किल्ला? आईचे गुडघे दुखतात, वाळूत फार चालवत नाही तिला. आणि मांडवीला गाडी कुठे लावतात?

प्रतिसाद १
ताई, आरे-वारे सोडाच, शनिवारी संध्याकाळी गणपतीपुळ्याच्या गाड्या असतात त्या रोडला. सोमवारी वेळ असेल तर सकाळी जा, वरून दोन्ही किनारे दिसतात तिथे गाडी बाजूला घेऊन बसा, सकाळचं ऊनही बरं असतं.

तुमच्या यादीतलं एक कमी करा, माझ्या मते भाट्ये. थिबा पॉइंटवरून भाट्येची खाडी, पूल, पलीकडचं सुरूचं बन सगळं दिसतंच, आणि तिथे वाळू तुडवावी लागत नाही. राजवाडा बाहेरून बघितलात तरी चालेल. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवलं, वाडा बांधून झाला 1910 च्या सुमारास आणि 1916 ला तो गेला, म्हणजे स्वतःच्या वाड्यात जेमतेम काही वर्षं राहिला बिचारा. तिथल्या गच्चीवरून समुद्राकडे बघत बसायचा असं आमची आजी सांगायची.

किल्ल्यावर गाडी बरीच वर जाते पण थोड्या पायऱ्या आहेतच, आईंना विचारून ठरवा. उतरताना मिरकरवाड्याच्या बाजूला मासळीचे टेम्पो आणि ओला रस्ता असतो, तिथे ब्रेक जपून.

प्रतिसाद २
सूर्यास्ताला मांडवीच. जेट्टीवर सपाट चालता येतं, कठड्यावर बसता येतं, समोर सूर्य आणि उजव्या हाताला किल्ला. भेळेच्या गाड्या तिथेच. गाडी जेट्टीच्या तोंडाशी रस्त्याकडेला लावतात, वाळूत नेऊ नका, स्टँड रुततो.

पण आधी कॅलेंडरमध्ये तिथी बघा. आमच्याकडे साधा हिशोब, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते, थोडं मागेपुढे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास असाल तर भरती दुपारी होऊन जाते आणि संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं, मग जेट्टीपेक्षा किनाराच जास्त दिसतो.

मूळ प्रश्नकर्ती
दादा, बघितलं, त्या शनिवारी नवमी आहे! म्हणजे पावणेसातला भरती ना? आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, अगं मग भांगाची भरती, उधाण नाही, पाणी अंगावर यायचं नाही, बिनधास्त बसू. तिच्या बाबांनी शिकवलेलं सगळं आठवतंय तिला, माझ्यापेक्षा तीच एक्साइट झालीये.

मग असं ठरवते, चारला निघून आधी किल्ला (पायऱ्या ती चढणार म्हणतेय, भगवतीला गेल्याशिवाय नाही म्हणे), साडेपाचला मांडवी, अंधार पडेपर्यंत तिथेच. थिबा पॉइंट सोमवारी सकाळी. दोघींना हेल्मेट पुण्याहूनच आणतेय, भावाकडे एकच आहे. आता फक्त जेवणाचं सांगा, मांडवीहून मारुती मंदिरकडे येताना घरगुती चवीची सुरमई थाळी कुठे मिळेल, जिथे टेबल-खुर्ची आहे आणि जिना चढावा लागत नाही?