१० मीटरसाठी पेलेट कसे निवडायचे? डबा बदलला की ग्रुप फाटतो

रिकामाडबा

एअर रायफल ४.५ मिमी, ब्रेक-बॅरल (नळी मोडून पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, भरायची), स्प्रिंग पिस्टनची (स्प्रिंगने सुटलेला पिस्टन हवा दाबतो, ती पेलेट ढकलते). मागे पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायची. अंतर १० मीटर, कागदी टार्गेट, बसून, टेबलाच्या आधाराने. टोकदार पेलेटने पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, कधी १२ मिमी, कधी २५. मग चपट्या तोंडाचे आणले. एका डब्याने ८ मिमीचे ग्रुप दिले म्हणून त्याच नावाचा दुसरा डबा घेतला, तर त्यात पाचातला एक शॉट हमखास बाहेर. पहिल्या डब्यावर ४.४९ छापलंय, दुसऱ्यावर ४.५०. शतांश मिलिमीटरने एवढा फरक पडतो, की डबाच खराब? आणि चार-पाच प्रकार मागवून तपासायचे असतील तर कसे तपासावेत, म्हणजे निकालावर भरवसा ठेवता येईल?

कानस

टोकदार आधी बाजूला ठेवा. टोक बघून हा सरळ जाणार असं वाटतं, पण शिसं मऊ असतं. डब्यात एकमेकांवर आपटून टोकं वाकतात, आणि मुळात साच्यातून निघतानाही टोक बरोबर मधोमध असेल याची खात्री नाही. टोक सरकलं की वजनाचा मध्य सरकतो. नळीत असेपर्यंत ते झाकून जातं, बाहेर पडल्यावर पेलेट डगमगायला लागतो. १० मीटरला चपटं तोंड, म्हणजे वॅडकटरच. पंच मारल्यासारखं गोल भोक पडतं, गुणांवरून वाद नाही. हवा त्याला जास्त अडवते, त्यामुळे २५ मीटरच्या आसपास तो ढेपाळायला लागतो. तिथून पुढे गोल डोक्याचे.

आता शतांश. तो आकडा पेलेटच्या डोक्याचा व्यास. डोकं, बारीक कंबर आणि मागचा पोकळ स्कर्ट, असा पेलेट असतो. नळीत वळणदार खाचा असतात आणि खाचांमध्ये उंचवटे. डोकं त्या उंचवट्यांवर टेकून चालतं आणि पेलेटला मधोमध धरतं. स्कर्ट मागच्या दाबाने फुगतो, खाचा भरतो आणि हवा निसटू देत नाही. डोकं सैल असेल तर पेलेट नळीत किंचित तिरपा धावतो. फार घट्ट असेल तर भरताना जोर लावावा लागतो आणि अंगठ्याखाली स्कर्टची कड वाकते. म्हणून ४.४९ चांगला की ४.५०, याला सरसकट उत्तर नाही. तुमच्या नळीला कोणता मानवतो तेवढंच. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही वेगवेगळा लागू शकतो. जेएसबी कंपनीचा एक्झॅक्ट पेलेट ४.५०, ४.५१, ४.५२ अशा मापांत निघतो तो उगाच नाही.

तुमच्या बाबतीत मला संशय भरण्यावर आहे. पेलेट बसवा, नळी बंद करण्याआधी नळीच्या मागच्या तोंडावरून नख आडवं फिरवा. नख अडलं तर स्कर्ट केसभर बाहेर आहे, आणि नळी बंद करताना ती कड चिमटणार. पाचातला एक बाहेर जातो तो बहुधा असाच. पेलेट हलक्या दाबाने, सगळीकडून सारखा अडत बसला पाहिजे आणि स्कर्ट तोंडाशी सपाट आला पाहिजे. स्वतःहून आत घरंगळला तर सैल. हे सगळं करताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली हवी. चाप सुटला तर नळी बोटावर मिटते.

दशांश

पाच शॉटवर कोणताही पेलेट पास-नापास करू नका. रायफल तीच, पेलेट तोच, तरी दहा शॉटचा ग्रुप पाच शॉटच्या ग्रुपपेक्षा सरासरीने साधारण २५ टक्के मोठा येतो, आणि तीन शॉटच्या तुलनेत तर दीडपटीहून जास्त. ८ मिमी आणि १० मिमीचा एकेक ग्रुप बघून हा डबा चांगला, तो वाईट, असं म्हणणं म्हणजे नाणं दोनदा उडवून निकाल जाहीर करणं.

तपासणी अशी करा. नव्या प्रकाराचे पहिले १५-२० शॉट मोजायचे नाहीत. आधीच्या पेलेटचा शिशाचा आणि वंगणाचा थर नळीत असतो, तो बदलायला तेवढे लागतात. मग प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप, पण सलग नकोत. अ, ब, क आणि पुन्हा अ, ब, क असे फिरवा. नाहीतर शेवटच्या डब्याच्या वाट्याला दमलेला खांदा येतो. प्रत्येक अदलाबदलीनंतर पाच शॉट वाया घालवा. हो, पेलेट खूप जातात. तपासणी म्हणजे हेच.

साइटला हात लावू नका. ग्रुप कुठे पडला हे बघायचं नाही, केवढा पडला हे बघायचं. प्रकार बदलला की ग्रुप वर-खाली सरकणारच. भरकटलेला शॉट "तो माझा चुकला" म्हणून खोडायचा नाही. चाप ओढतानाच, भोक बघण्याआधी, चुकला असं म्हटलं असेल तरच खोडा.

मोजताना दोन सर्वांत लांबच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि ४.५ मिमी वजा करा. कागदामागे जाड पुठ्ठा लावा, म्हणजे कडा फाटणार नाहीत.

ध्येय किती ठेवायचं? आंतरराष्ट्रीय १० मीटर टार्गेटवर १० चा ठिपका ०.५ मिमीचा, ९ चं वर्तुळ ५.५ मिमीचं. पेलेटची कड ठिपक्याला शिवली की १० मिळतात, म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून २.५ मिमीच्या आत हवं. नेम अचूक धरला तरी रायफल आणि पेलेट मिळून केंद्र-ते-केंद्र ५ मिमीच्या वर गेले तर काही १० आपोआप हातचे जातात.

वजनकाटा

यात वजन कुणी काढलंच नाही. ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि डब्यातले पेलेट वजनानुसार वेगळे करा. ०.०१ दाखवणारा इथे निरुपयोगी आहे, कारण ज्या फरकाचा शोध आहे तो त्याच्या एका पायरीत लपतो. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटमध्ये ०.०१ ग्रॅम म्हणजे जवळपास २ टक्के.

दशांश

काटा हवाच, पण १० मीटरला त्याच्याकडून फार अपेक्षा नको. हिशेब करून बघा. वजन २ टक्के वाढलं आणि ऊर्जा तेवढीच राहिली तर वेग सुमारे १ टक्का घटतो, आणि गुरुत्वाने होणारी घसरण सुमारे २ टक्के वाढते. १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटलेला पेलेट १० मीटरवर जेमतेम १८ मिमी खाली येतो. त्याचे २ टक्के म्हणजे ०.४ मिमीसुद्धा नाही. २५ मीटरला तीच चूक अडीच मिमीच्या वर जाते, तिथे वजन करणं वसूल होतं. तुमच्या ८ मिमीच्या ग्रुपमध्ये वजनाचा हिस्सा शोधूनही सापडायचा नाही.

कानस

सहमत. वजनाआधी स्कर्ट बघा. काचेचा तुकडा किंचित उतरता ठेवून त्यावर पेलेट घरंगळू द्या. स्कर्ट डोक्यापेक्षा थोडा मोठा असल्याने पेलेट सरळ न जाता कमानीत वळतो. चांगल्या पेलेटची कमान दर वेळी सारखी येते. चेपलेला अडखळतो किंवा भलतीकडे वळतो. शंभर पेलेट दहा मिनिटांत होतात, आणि काटा लागत नाही.

ढिलास्क्रू

पेलेटवर खापर फोडण्याआधी रायफल तपासा, स्प्रिंगची असेल तर हमखास. लाकडी किंवा प्लॅस्टिक दस्त्याचे पुढचे दोन आणि चापाजवळचा, असे स्क्रू धक्क्याने ढिले होतात. मग कोणताही पेलेट द्या, ग्रुप तसाच. नळी जिथे मिटते तिथला सीलही बघा. सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि सुरक्षित दिशेला, पेलेट भरून, एक शॉट मारा. पट्टी उडाली तर हवा गळतेय. रिकामी रायफल मुळीच मारू नका. पेलेटचा अडथळा नसेल तर पिस्टन थेट पुढे आदळतो.

वजनाची निवड इथे वेगळ्या कारणाने महत्त्वाची. फार हलका पेलेट लवकर निसटतो आणि पिस्टनला हवेची उशीच मिळत नाही. फार जड असेल तर पेलेट हलायच्या आधी पिस्टन उसळी खाऊन मागे येतो. १० मीटरच्या स्प्रिंग रायफलीला ७ ते ८.५ ग्रेन ही मधली जागा. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, त्यामुळे ०.५३ ग्रॅमचा रायफल पेलेट ८.२ ग्रेनचा होतो. आरडब्ल्यूएस आर १० हा ०.५३ आणि ०.४५ ग्रॅम अशा दोन्ही वजनांत येतो. ०.४५ पिस्तुलासाठी म्हणून विकतात, पण कमी ताकदीच्या स्प्रिंग रायफलीत तो तपासायला काहीच हरकत नाही.

टेबलावर रायफल थेट टेकवू नका. खाली पिशवी, पिशवीवर उघडा तळहात, तळहातावर रायफल, आणि पकड सैल. धक्का बसताना तिला दर वेळी सारखं मागे सरकू द्या. शिकंज्यात आवळून स्प्रिंग रायफल तपासायची कल्पना डोक्यातून काढा, ती पद्धत धक्का नसलेल्या रायफलींची.

आणि नळीत तेल घालू नका. ते मागे पिस्टनच्या खोलीत उतरतं, दाबाने पेट घेतं, धूर आणि फटाक्यासारखा आवाज येतो, वेग भलताच वाढतो. पेलेटवर तेल चोळणंही त्यातच आलं.

रिकामाडबा

नख फिरवून पाहिलं. ४.५० च्या दहापैकी चारांचा स्कर्ट अडतो, ४.४९ चा एकही नाही. स्क्रूंपैकी पुढचा डावा पाव फेरा आवळला गेला. आणखी एक: ४.४९ च्या जुन्या डब्यात तळाशी पांढरी भुकटी आहे. ते पेलेट चालतील?

कानस

नाही. शिशाला हवा-ओल लागून आलेला थर आहे तो. विषारी, आणि डोक्याचा व्यासही बिघडवतो. फुंकर मारू नका, डबा तसाच बंद करून शिशाच्या कचऱ्यात द्या. नव्या पेलेटनंतरही हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडात काही जाऊ देऊ नका. ४.४९ पुन्हा विकत घेताना डब्याचा बॅच क्रमांक बघा, एक डबा वरच्या पद्धतीने तपासा, जमला तर त्याच क्रमांकाचे जेवढे मिळतील तेवढे एकदम उचला. पुढच्या बॅचचा साचा बदललेला असू शकतो, नाव तेच राहिलं तरी.