कोजागिरीला गच्चीवर सनीचा कोणता पिक्चर?

सेक्रेटरी (३०२): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 सोमवारी कोजागिरी. दूध आणि पिक्चर गच्चीवर, दरवर्षीसारखं. सनी देओलचा पिक्चर लावायचं बहुमतानं ठरलं आहे. पर्याय: १) गदर २) बॉर्डर ३) घातक ४) दामिनी. रात्री ९ पर्यंत मत द्या.

१०२ काका: हे बहुमत कोणाचं? मागच्या वेळीही तिघांनी जिन्यात उभं राहून ठरवलं अन् आम्हाला नुसतं कळवलं. यादीत ‘घायल’ नाही, ‘अर्जुन’ नाही. सनीची यादी अशी असते का?

४०१ काकू: गच्चीच्या मागच्या जिन्याला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे आहे?

सेक्रेटरी (३०२): काका, मतदानात चारच पर्याय टाकले. गैरसमज नको.

१०२ काका: पाचवा टाकता येते. माझा क्रम लिहून घ्या. पहिला अर्जुन, दुसरा घायल, तिसरा घातक. बाकीचे मग पाहू.

२०१ आदू: काका १९८५ चा पिक्चर आता कोण पाहणार 😄 जाट लावा ना. २०२५ चा आहे, फाइटिंग एक नंबर.

१०२ काका: बाबू, तू पाहिला काय अर्जुन? पाहून बोल. पावसात रस्ताभर छत्र्याच छत्र्या अन् त्या गर्दीतून गुंड एका पोराला गाठतात. लोकं नुसते पाहून राहतात. चाळीस वर्षं झाली, मुसळधार पाऊस लागला की मला अजून तो रस्ता दिसतो. राहुल रवैलचं दिग्दर्शन, जावेद अख्तरचं लिखाण. त्यात सनी बेकार पोरगा आहे, नोकरी शोधून राहिला आहे. त्या वर्षी मीही बी.कॉम. होऊन एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत होतो. पुढे पुढे सनी ओरडायला लागला. अर्जुनमध्ये तो गप्प राहतो अन् त्याचे डोळे बोलतात.

१०४ भाऊ: ढाई किलोचा हात ज्यात आहे तो लावा, विषय संपला. घातक!

३०३ वहिनी: भाऊजी, तो डायलॉग दामिनीतला आहे. ‘तारीख पे तारीख’वालाही त्यातलाच. दरवेळी घातक घातक करता.

१०४ भाऊ: हाव का? सॉरी वहिनी. इतकी वर्षं मी घातकच्या नावावर सांगत आलो 🙈

१०२ काका: दामिनी चांगलाच आहे, पण तो मीनाक्षी शेषाद्रीचा पिक्चर. सनी मध्यंतराच्या आसपास येतो.

३०३ वहिनी: अन् उशिरा येऊनही सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन जातो! दीर बलात्कारी आहे म्हणून सून कोर्टात उभी राहते, अख्खं सासर तिच्या विरोधात, तिला वेडी ठरवतात. १९९३ साली हे पडद्यावर दाखवलं. मारामारी कमी आहे म्हणून यादीतून काढायचं असेल तर माझं मत कोणालाच नाही.

४०१ काकू: मागच्या जिन्याची किल्ली?

सेक्रेटरी (३०२): माझं वैयक्तिक मत गदरला. १५ जून २००१, त्याच दिवशी लगान. तरी गदरला ट्रॅक्टर-ट्रकनं लोकं येत होते. माझी आई जन्मात दोनदा टॉकीजमध्ये गेली, त्यातली एक वेळ गदरची.

१०४ भाऊ: गदरमधल्या हापसा उपटणाऱ्या तारासिंगला आपल्याकडेच बोलवा. बोअरची मोटर दोन महिन्यांपासून निघून नाही राहिली, तो एका झटक्यात काढून देईल 😂

सेक्रेटरी (३०२): मोटरचा विषय इथे नको. तिघांचा मेंटेनन्स थकला आहे, मेकॅनिकला पैसे कुठून देऊ? नावं घेत नाही.

१०४ भाऊ: नावं घ्या ना मग. मी मार्चचे भरले, पावती आहे.

सेक्रेटरी (३०२): मार्च नाही म्हटलं, जूनपासूनचं म्हटलं.

३०३ वहिनी: आधी दुधाचं पहा. मागच्या वर्षी तळाला लागलं होतं. चारोळी किलोभर घातली तरी करपल्याचा वास गेला नाही.

१०४ भाऊ: ते ढवळायचं काम कोणाकडे होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

१०२ काका: माझ्याकडे होतं. गॅस पोट्ट्यांनी मोठा केला. यंदा कोणाला हात लावू देणार नाही. विषयावर या. घायल कुठे आहे?

२०४ सुभेदार काका: मी सकाळपासून वाचून राहिलो. बॉर्डरवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. कामठीच्या गार्ड्स सेंटरमध्ये ट्रेनिंग घेतलेला माणूस आहे मी. पिक्चर ज्या लढाईवर आहे ती राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला ठाण्याची. तिथे २३ पंजाब पलटणीची एक कंपनी होती, जवान १२० च्या आसपास. समोरून पाकिस्तानचे रणगाडे. तारीख ४ डिसेंबर १९७१, रात्र. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींनी ठाणं सोडलं नाही. आपल्या हंटर विमानांना रात्री उडता येत नव्हतं, म्हणून उजाडेपर्यंत टिकायचं होतं. ते टिकले. जैसलमेरहून विमानं आली आणि रणगाडे वाळूत जळाले. पिक्चरमध्ये एकामागून एक जवान पडतात. प्रत्यक्षात आपले दोन शहीद झाले. इतकी कमी माणसं गमावून ठाणं राखलं, मोठेपण त्यात आहे. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं, २०१८ साली ते गेले. बॉर्डर लावणार असाल तर सुरू व्हायच्या आधी मला दोन मिनिटं द्या. पोरांना खरं माहीत पाहिजे.

२०१ आदू: सुभेदार काका, हे मला खरंच माहीत नव्हतं 🙏 माझं मत बॉर्डरला.

१०२ काका: सुभेदारसाहेब, दोन काय, दहा मिनिटं घ्या.

सेक्रेटरी (३०२): पण बॉर्डर जवळपास तीन तासांचा आहे. १० नंतर स्पीकर चालत नाही, मागच्या वेळी समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी पोलिसांना फोन केला होता. पावणेसातला तरी सुरू करावा लागेल, अन् ऑफिसवाले सातशिवाय येत नाहीत.

४०१ काकू: तिसऱ्यांदा विचारते आहे. मागच्या जिन्याची किल्ली कोणाकडे आहे?

१०४ भाऊ: काकू, पुढचा जिना आहे ना. किल्लीचं काय घेऊन बसल्या?

४०१ काकू: सांगते काय घेऊन बसले. बॉर्डर लागला त्या दिवशी, १३ जून १९९७ ला, आम्ही दिल्लीला होतो. यांची बदली होती. ग्रीन पार्कच्या उपहार टॉकीजमध्ये दुपारचा खेळ सुरू होता, बॉर्डरच. खाली पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर चढला. बाल्कनीतल्या लोकांना बाहेर पडता आलं नाही. जादा खुर्च्या टाकून एक वाट बंदच केली होती, दारं लागलेली. ५९ माणसं गेली, बहुतेक धुरानं गुदमरून. त्या रात्री आमच्या कॉलनीत कोणाकडे चूल पेटली नाही. तेव्हापासून मी हॉलमध्ये शिरले की आधी दार पाहते, मग खुर्ची. सोमवारी आपल्या गच्चीवर साठ-सत्तर माणसं, लहान लेकरं, दुधाचं मोठं गंज, गॅसची शेगडी आणि एक्स्टेन्शन बोर्डांच्या वायरी. शेगडी पुढच्या जिन्याच्या तोंडाशी मांडता तुम्ही. तिथेच काही झालं तर खाली कुठून जायचं?

४०१ काकू: पिक्चर कोणताही लावा. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

१०४ भाऊ: काकू, चुकलो. माफ करा.

३०३ वहिनी: काकू, एवढं मनात घेऊन तुम्ही दरवर्षी वर येता, आम्हाला कधी कळलंच नाही.

२०४ सुभेदार काका: ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. शेगडी जिन्यापासून लांब, टाकीच्या बाजूला. वाळूच्या दोन बादल्या मी आणतो. बॉर्डर यंदा राहू द्या. ताईंना तीन तास ते पाहत बसायला लागू नये. मी माझं पोरांना दुधाच्या वेळी सांगीन.

सेक्रेटरी (३०२): काकू, किल्ली आधीच्या सेक्रेटरींकडून माझ्याकडे आलीच नाही. चार्ज देताना फक्त रजिस्टर दिलं. माझं दुर्लक्ष झालं.

१०२ काका: आधीचा सेक्रेटरी मी होतो. देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये पाहतो.

सेक्रेटरी (३०२): बॉर्डर काढला. घायल आणि अर्जुन टाकले. मतदान सुरू.

१०२ काका: घायल म्हणजे १९९० चा. राजकुमार संतोषीचा पहिलाच पिक्चर. समोर बलवंत राय म्हणून अमरीश पुरी. अन् सहा वर्षांनी त्याच संतोषीच्या घातकमध्ये तोच अमरीश पुरी सनीचा बाप. दोन्ही पाठोपाठ पहा, मग कळते नट काय चीज असते. सनीला घायलसाठी फिल्मफेअर मिळालं. किल्ली सापडून नाही राहिली, शोधतो आहे.

२०१ आदू: काका मी खाली येतो शोधायला.

सेक्रेटरी (३०२): ९ वाजले. घायल १४, दामिनी ९, गदर ८, घातक ३, अर्जुन १. घायल सोमवारी ७ ला सुरू.

१०२ काका: ते एक माझंच. माझ्याच घरातून दुसरं पडलं नाही. ठीक आहे, घायल माझा दुसरा नंबर आहे.

२०१ आदू: किल्ली सापडली. १०२ काका आणि मी वर आहोत. कुलूप गंजलं होतं, खोबरेल तेल घालून उघडलं. दारामागे जुन्या खुर्च्या अन् रंगाचे डबे आहेत, जिना अर्धा भरला आहे.

४०१ काकू: मी टॉर्च घेऊन येते.

१०४ भाऊ: मी पण आलो. डबे आत्ताच खाली नेऊ.