मदत हवी आहे: तांबे + विरल नायट्रिक आम्ल, ऑक्सिजन जुळत नाही

उत्पादितं कॉपर नायट्रेट, नायट्रिक ऑक्साईड आणि पाणी. तांबे १, आम्ल ३, कॉपर नायट्रेट १, नायट्रिक ऑक्साईड १, पाणी दीड असं घेतलं. बाकी सगळं जुळतं; ऑक्सिजन मात्र डावीकडे ९, उजवीकडे साडेआठ. आम्लाचा आकडा हलवला की नायट्रोजन बिघडतो. चुकतंय कुठे? शिवाय बीकरमध्ये हीच अभिक्रिया केली की वजन कमी भरतं, ते का?

उत्तर १
दीड पाण्याने काही बिघडत नाही, अपूर्णांक शेवटी गुणून जातो. खरी गोची आम्लाची आहे: त्यातला काही भाग तांब्याचे इलेक्ट्रॉन घेतो, उरलेला नुसता नायट्रेट पुरवतो. म्हणून आम्लापासून सुरुवात करूच नका.

ऑक्सिडीकरण अंक (अणूने किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले त्याचा हिशेब) पाहा: तांबे ० वरून +२ वर जातं, म्हणजे २ इलेक्ट्रॉन देतं. नायट्रोजन +५ वरून +२ वर येतो, म्हणजे ३ घेतो. हिशेब ६ वर मिटतो: तांबे ३, नायट्रिक ऑक्साईड २. कॉपर नायट्रेटही ३, त्यातली ६ नायट्रेटं आम्लातूनच आली. आम्ल २ + ६ = ८, पाणी ४. ऑक्सिजन ताळ्यासाठी राखून ठेवा: डावीकडे २४, उजवीकडे १८ + २ + ४. तुमच्या मांडणीत दिले २ आणि घेतले ३. तो एक इलेक्ट्रॉन म्हणजेच तुमचा अर्धा ऑक्सिजन.

आणि हो, आकडा जुळवायला रेणुसूत्राच्या आत हात घालू नका, पदार्थच बदलतो.

उत्तर २
वजनाचं: उत्तर १ मधले आकडे मोल धरले तर डावीकडे तांबे १९०.५ + आम्ल ५०४ = ६९४.५ ग्रॅम. उजवीकडे कॉपर नायट्रेट ५६२.५ + नायट्रिक ऑक्साईड ६० + पाणी ७२, तेवढंच. यातले ६० ग्रॅम नायट्रिक ऑक्साईड बीकरमधून निघून जातात, ६.३५ ग्रॅम तांब्यामागे २ ग्रॅम. वर दिसतो तो तपकिरी धूर म्हणजे याच वायूचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेला नायट्रोजन डायऑक्साईड. विषारी आहे, फ्यूम हूडमध्येच (धूर बाहेर ओढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) करा. बूच लावून वजन करण्याचा मोह नको, दाबाने चंबू फुटू शकतो.

वस्तुमानाची अक्षय्यता (अभिक्रियेआधी आणि नंतर एकूण वजन तेवढंच) दाखवायची तर वायू न सुटणारी अभिक्रिया घ्या. चंबूत सोडियम सल्फेटचं द्रावण, आत दोऱ्याने टांगलेल्या छोट्या परीक्षानळीत कॅल्शियम क्लोराईडचं. बूच लावून वजन, चंबू तिरका करून मिसळा, पुन्हा वजन. द्रावणं पातळ असतील तर पांढरा साका दिसतच नाही.

उत्तर ३
२ ग्रॅम तंतोतंत भरतील अशी अपेक्षा ठेवू नका. आम्ल जितकं संहत (कमी पाणी असलेलं), तितका थेट नायट्रोजन डायऑक्साईडच जास्त सुटतो. तिथे नायट्रोजन एकच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून आकडे वेगळे: तांबे १, आम्ल ४, कॉपर नायट्रेट १, नायट्रोजन डायऑक्साईड २, पाणी २. प्रत्यक्षात दोन्ही अभिक्रिया थोड्याफार एकत्र चालतात, त्यात फसफसताना तुषारही उडतात. प्रश्नात विरल की संहत, ते आधी वाचा.