मदत हवी आहे : म्हैसमाळच्या ५० किमी अल्ट्रासाठी मार्शल कसे नेमावेत?

नमस्कार मंडळी. हिवाळ्यात दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ, वेरूळ अशी ५० किमीची अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ल्याची शर्यत, घ्यायचं आमच्या ग्रुपनं ठरवलंय. परवानग्यांचं चाललंय. अडलंय ते मार्शलपाशी, म्हणजे वाटेवर उभं राहून धावपटूंवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकांपाशी.

शहरातल्या मॅरेथॉनला चौकाचौकात पोरं उभी केली की भागतं. इथं पहिल्या आणि शेवटच्या धावपटूत काही तासांचं अंतर पडणार. तेवढा वेळ एकच जण पठारावरच्या वाऱ्यात टिकेल का? पाळ्या लावल्या, तर दुसरी पाळी वर पोचवायची कशी? रेंज गेली तर प्रत्येक ठाण्यावरचे बिब नंबर (धावपटूंच्या छातीवरचे क्रमांक) पुढे कसे कळवता? एखादा मध्येच गायब झाला, हे आम्हाला संध्याकाळी कळून उपयोग नाही. त्यात पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. त्यांची मला उन्हापेक्षा जास्त धास्ती आहे.

दुसरं, कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची वेळमर्यादा. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स अल्ट्राला १२ तास झाले की बंदूक वाजते, विषय संपला. आमच्याकडे कॉलेजचं पोरगं पन्नाशीच्या काकांना ‘आता थांबा’ म्हणणार, आणि काका ऐकणार? शिवाय नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस बरळतो, आणि बघणाऱ्याला वाटतं दमलाय. हे पोरांना ओळखायला कसं शिकवायचं? थांबवायचा अधिकार मार्शलला द्यावा की फक्त डॉक्टरला?

सह्याद्रीतल्या किंवा रात्रीच्या अल्ट्रांना ज्यांनी मार्शल म्हणून काम केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. गूळ-शेंगदाणे आणि लिंबू-मिठाचं बघितलंय, खाण्यावर सल्ले नकोत.