धावत्या ट्रेनच्या काचेतून फोटो: खांब तिरके, रंग हिरवट

वाटसरू:
बंद काचेचा डबा, वेग साधारण ताशी ८० किमी. मिररलेस कॅमेरा, २८ मिमी लेन्स, शटर १/१००० सेकंद, एफ ११ (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान), सायलेंट मोड. रुळालगतचे खांब तिरके येतात, आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब दिसतं आणि सगळ्याच फोटोंवर हिरवट झाक असते. शटर अजून वाढवू की पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घेऊ?

शटरवेडा:
शटर वाढवून खांब सरळ होणार नाहीत. सायलेंट मोडमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर चालतं, सेन्सर (चित्र टिपणारी चिप) वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. पूर्ण वाचनाला १/३० सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात गाडी सुमारे ७४ सेंमी पुढे गेलेली असते. खांबाचं टोक आणि बुंधा एकाच क्षणी टिपलेच जात नाहीत! मेकॅनिकल शटर लावा. त्याचा पडदा साधारण १/२५० सेकंदात फ्रेम ओलांडतो, म्हणजे तोच फरक ९ सेंमीवर येतो.

धूसरपणा ही निराळी गोष्ट. १/१००० ला गाडी २.२ सेंमी सरकते. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर (३६ × २४ मिमी सेन्सरवर) तुमच्या लेन्सने ५ मीटरवरचा खांब तेवढ्यात २० पिक्सेल फरफटतो, २०० मीटरवरचं झाड जेमतेम अर्धा पिक्सेल. तेव्हा जवळचं गवत धारदार करायला शटर वाढवून त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) चढवण्यात काही हशील नाही. ते पुसट झालेलंच छान दिसतं, त्यातूनच फोटोला वेग येतो. लांबच्या दृश्याला १/५०० पुरे.

काचेपल्याड:
पोलरायझर या कामासाठी घेऊ नका. काचेवर सरळ समोरून पडणाऱ्या प्रतिबिंबावर तो चालतच नाही. त्याचा खरा उपयोग काचेच्या लंबापासून ५५ अंशांच्या आसपास तिरकं पाहताना होतो. वर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), आणि टफन केलेल्या (तापवून मजबूत केलेल्या) काचेतले ताण इंद्रधनुषी डाग होऊन उमटतात.

त्यापेक्षा मऊ रबरी हूड काचेला अलगद टेकवा. नसेल तर लेन्सभोवती काळं कापड धरा. लेन्सची कड थेट काचेवर दाबू नका, डब्याची थरथर कॅमेऱ्यात येते. दुहेरी काच असेल तर शक्यतो समोरूनच काढा, तिरक्या कोनात दुहेरी कडा दिसतात. उन्हाची बाजू टाळा. काचेवर थेट ऊन पडलं की धुळीचा कणन् कण उजळतो.

एफ ११ सोडून एफ ४ किंवा ५.६ वर या, म्हणजे छिद्र मोठं करा. काचेवरचे डाग त्यात विरघळतात. फोकस एकदा लांबच्या वस्तूवर करून मॅन्युअलला टाका, नाहीतर ऑटोफोकस थेंबावर जाऊन बसतो.

हिरवट झाक काचेचीच आहे. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, फ्रेममधल्या राखाडी खडीवर किंवा ढगावर व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) घ्या, टिंट किंचित मॅजेंटाकडे (हिरव्याच्या विरुद्ध, जांभळट-गुलाबी). खिडकी तीच आणि ऊनही तसंच असेल तर तेच आकडे बाकीच्या फोटोंना बहुतेक चालतात.

वाटसरू:
मोबाइलवर मेकॅनिकल शटर नसतं. तिथे काय करायचं?

शटरवेडा:
तिथे जवळचे खांब फ्रेमबाहेर ठेवणं हाच उपाय. मोबाइल काचेला अगदी लगटून धरा, फ्लॅश बंद, नाइट मोडही बंद. तो अनेक फ्रेम एकावर एक रचतो आणि धावत्या दृश्यात जवळच्या वस्तूंच्या कडा फाटतात. एखादा खांब आलाच, तर एडिटिंगमध्ये स्क्यू देऊन (फोटो तिरका ओढून) सरळ करू नका. खांब उभा होईल, पण मागची घरं कलंडतील.