श्रेय बाटलीलाही द्यायला हवं
दॉम पेरिन्यों या फ्रेंच मठवासीयांनी शॅम्पेन ही फसफसती वाइन शोधली आणि पहिल्या घोटाला 'मी तारे पितोय' असं ते म्हणाले, हा नेहमी सांगितला जाणारा किस्सा गोड आहे, पण मला पटत नाही. १६६८ पासून ते फ्रान्समधल्या ओव्हिलेच्या मठात कोठार सांभाळत होते आणि त्यांची खटपट उलट वाइनमध्ये बुडबुडे होऊ नयेत म्हणून चालली होती. ताऱ्यांचं वाक्य तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जाहिरातीतलं. वेगवेगळ्या मळ्यांच्या द्राक्षांचा मेळ घालणं हे त्यांचं खरं काम, आणि तेही थोरच आहे.

या किस्स्यात बाटलीचा विषय निघतच नाही. बंद बाटलीत साखर पुन्हा आंबली की वायू कोंडून आतला दाब गाडीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट होतो. लाकडाच्या भट्टीतली फ्रेंच काच तो सोसत नसे. तळघरात एक बाटली फुटली की शेजारच्या धडाधड फुटायच्या. पुढेपुढे तर कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवूनच आत जात. इंग्लंडात मात्र जहाजांसाठी लाकूड राखायचं म्हणून १६१५ मध्ये काचभट्ट्यांना लाकूड जाळायची बंदी झाली. दगडी कोळशाच्या कडक आचेत काच जाड आणि मजबूत निघू लागली. तिथले वाइनविक्रेते साखर आणि काकवी घालून वाइन फसफसती करतात, हे ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे १६६२ मध्येच मांडलं होतं, म्हणजे पेरिन्यों ओव्हिलेला येण्याच्या सहा वर्षं आधी!